दिल्लीला समुद्र नाही

बोधकथेतली जनावरं बोलतात. कासव सशाशी पैज लावतं, मगर माकडाचं काळीज मागते, आणि शहाणं कोण ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. या कथेतल्या कासवीला बोलता येत नाही. श्वास घ्यायला ती पाण्यावर आली, की तिच्या पाठीवर चिकटवलेली एक डबी उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळवते, तेवढंच. बाकीचं बोलणं माणसांचं, आणि ही माणसं भरपूर बोलणारी आहेत.

कासवीचं नाव बागेश्री. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली, तेव्हा भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांच्या माणसांनी तिच्या पाठीवर ती डबी बसवली आणि तिला पुन्हा पाण्यात सोडलं. तिच्या जोडीला आणखी एक होती, तिचं नाव गावावरून ‘गुहा’. दोघी ऑलिव्ह रिडले जातीच्या.

किनाऱ्यावर बघ्यांच्या गर्दीत एक आजी उभी होती. तिला या सगळ्याचं नवल वाटत होतं, कारण तिच्या लहानपणी कासव आलं की गावात वेगळीच धावपळ उडायची. सकाळी वाळूवर कासवाचा माग दिसला की घरटं उकरायचं, अंडी टोपलीत भरायची आणि विकायची. त्यात कुणाला पाप वाटत नसे; समुद्राने दिलेलं घ्यायचं, एवढाच हिशेब. मग २००२ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने वेळास गावच्या किनाऱ्यावर घरटी राखायला सुरुवात केली. अंडी जाळीच्या कुंपणात हलवायची, रात्री राखण करायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडली की त्यांना लाटेपर्यंत जाऊ द्यायचं. पिल्लं बघायला शहरातली माणसं येऊ लागली, गावातल्या घरांतच उतरू लागली, आणि टोपलीतल्या अंड्यांपेक्षा समुद्रात गेलेलं पिल्लू गावाला जास्त पैसे मिळवून देतं हे लक्षात आलं. वेळासचं पाहून बाकीचा किनाराही शिकला. ‘माणसं सुधारतात हो,’ असं आजी म्हणायची, ‘फक्त त्यांना त्यात काहीतरी दिसावं लागतं.’

मार्चमध्ये आजी दिल्लीला मुलाकडे आली. मुलगा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. घर सरकारी, सरोजिनी नगरच्या बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर. जुन्या दुमजली क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती उठत होत्या, त्यामुळे हवेत कायम धूळ आणि कानात कायम यंत्रांची घरघर. आठवीतल्या नातीने भिंतीवर भारताचा नकाशा लावला होता. वर्तमानपत्रात बागेश्रीची बातमी आली की ती त्यात टाचणी टोचायची. टाचण्या गोव्याखाली सरकल्या, कर्नाटक, केरळ, आणि पावसाळ्यात तर चक्क श्रीलंकेला वळसा घालून बागेश्री बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्यावरची कासवं आणि पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं बरेच जण धरून चालले होते. बागेश्रीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आजी भाजी आणायला जायची आणि परत आली की तक्रार करायची. कोथिंबिरीला पन्नी (प्लास्टिकच्या पिशवीला इथे पन्नीच म्हणतात), चार लिंबांना पन्नी, पन्न्या एकत्र ठेवायला आणखी एक पन्नी. ‘अरे, हे सगळं जातं कुठे?’

मुलगा फाइल वाचता वाचता म्हणायचा, ‘आई, हे गुहागर नाही. दिल्लीला समुद्र नाही. सगळ्यांत जवळचा समुद्र इथून हजारेक किलोमीटरवर.’

भूगोलाच्या पेपरात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. वसाहतीचं नाव मात्र सरोजिनी नायडूंचं. आधी हिला विनय नगर म्हणत. १९३० साली समुद्राच्या मिठासाठी धारासण्याच्या मिठागरावर चाल करून जाणाऱ्या सत्याग्रहींचं नेतृत्व या बाईंनी केलं होतं. त्यांच्या नावाच्या वसाहतीला समुद्र इतका परका का व्हावा, हा प्रश्न मी आजीच्या तोंडी घालणार नाही; तो माझा आहे.

एका रविवारी नात आजीला बाजारात घेऊन गेली. सरोजिनीचा बाजार न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, परदेशी धाडायला शिवलेल्या आणि मागे राहिलेल्या कपड्यांचा तो समुद्र. लेबलं कापलेली, कुठे शिवण उसवलेली, कुठे बटण कमी. पटरीवाले तेव्हा स्टुलावर चढून ओरडत, ‘सौ के दो, सौ के दो, कोई भी उठाओ!’ मुली ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधतात आणि सापडलेला टॉप पोटाशी धरतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद अस्सल असतो. साहेबाच्या मुलीला आणि साहेबाच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीला एकच टॉप एकाच भावात मिळतो, अशी जागा दिल्लीत दुसरी दाखवा. या बाजाराला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून मी ठेवत नाही.

नातीने दोन टॉप घेतले. पटरीवाल्याने प्रत्येकाला वेगळी पन्नी काढली. आजीने हात पुढे करून त्याला थांबवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, ‘भैया, आपका गाव कौनसा?’

‘भागलपुर, माताजी. गंगा किनारे.’

‘रेशमाचं भागलपूर ना?’

‘वही. तसर का. हमारे घर के पिछवाड़े करघा था.’ हे सांगताना त्याच्या हातात पॉलिएस्टरचा ढीग होता, आणि त्यातला विनोद त्यालाही कळत होता असं त्याच्या हसण्यावरून दिसलं.

आजीने पन्नी परत केली. ‘हे गटारात जातं. म्हणजे, नाली में.’

‘जाता है. फिर नाला, फिर जमनाजी. हम तो जानते हैं, माताजी. दिल्ली का पानी पहले आगरा पीता है, फिर परयाग, फिर बनारस, फिर पटना, फिर हम.’

भागलपूरला गंगेत सोंस, म्हणजे गंगेतले डॉल्फिन, आहेत. सुलतानगंज ते कहलगाव हा नदीचा पट्टा १९९१ साली त्यांच्यासाठी राखून ठेवला गेला. पुढे सोंस हा देशाचा राष्ट्रीय जलचर झाला. गढूळ पाण्यात त्याला जवळजवळ दिसत नाही, आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तो वाट काढतो. नायलॉनच्या बारीक धाग्याचं जाळं त्या प्रतिध्वनीत नीट उमटत नाही. पटरीवाल्याच्या चुलत्याच्या जाळ्यात एकदा असाच एक सोंस अडकून मेला होता. ‘चाचा ने तीन दिन खाना नहीं खाया,’ असं सांगून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं, ‘सौ के दो!’

घरी येऊन नातीने नकाशावर पेन्सिलने रेघ ओढली. बाजाराच्या परिसरातलं पाणी कुशक नाल्याला, कुशक नाला बारापुल्ल्याला. बारा खांबांचा, अकरा कमानींचा जहांगीरच्या काळातला पूल ज्यावर आहे, तो हा नाला. आज तिथून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून जातो. बारापुल्ला सराय काले खाँच्या बाजूला यमुनेत उतरतो. वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा २२ किलोमीटरचा टप्पा म्हणजे नदीच्या लांबीचे दोन टक्के. नदीतली तीन चतुर्थांश घाण इथेच तिच्यात पडते. पुढे मथुरा, आग्रा, इटाव्याच्या खाली चंबळेचं स्वच्छ पाणी मिळतं, प्रयागराजला गंगा. मग वाराणसी, पाटणा, भागलपूर, फराक्का. तिथे दोन वाटा फुटतात, एक बांगलादेशात जाते, एक हुगळी होऊन सागर बेटाशी. पेन्सिलची रेघ बंगालच्या उपसागरात टेकली, आणि त्याच उपसागरात बागेश्रीची शेवटची टाचणी होती.

‘बाबा,’ नात म्हणाली, ‘दिल्लीला समुद्र आहे. फक्त उताराने जावं लागतं.’

आदल्या वर्षीच, १ जुलै २०२२ ला, देशभर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली होती. स्ट्रॉ, चमचे, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टन. पातळ पिशव्यांवर तर त्याआधीच होती. बाजारात त्या कधी कमी झालेल्या दिसल्या नाहीत ही गोष्ट वेगळी. बाबांना मुलीचं वाक्य लागलं होतं आणि सरकारी माणसाला परिपत्रकाचा आधार मिळाला होता. त्यांनी घरात फर्मान काढलं. आजीने जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या, आतून दुहेरी शिवणीच्या, नारळाचं ओझं सहज पेलतील अशा. बाबा त्या कार्यालयात घेऊन गेले. सहकाऱ्यांना दाखवल्या. ओळखीच्या मराठी मंडळींच्या गणपतीत ‘प्लास्टिकमुक्त घर’ या विषयावर बोलायचं आमंत्रणही त्यांना आलं.

कासव पिशवी का खातं, हे बाबांनी भाषणासाठी वाचून काढलं आणि जेवताना सगळ्यांना ऐकवलं. पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसते, हे तर खरंच. पण नुसतं दिसणं नाही. समुद्रात काही दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि जंतू धरतात, त्याला खाण्याचा वास येऊ लागतो, आणि कासवं त्या वासाकडे वळतात हे २०२० मध्ये प्रयोगाने दिसलं. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. घास सुटू नये, खारं पाणी तेवढं बाहेर पडावं, म्हणून. लाखो वर्षं ही सोय उत्तम चालली. आता तीच नडते. गिळलेली पिशवी उलट्या दिशेने बाहेर येत नाही. ती आतड्यात अडकते, वायू धरतो, आणि कासव फुगून वर तरंगत राहतं. बुडी मारता येत नाही, म्हणजे खाता येत नाही आणि बोटीखालून निसटताही येत नाही. शिवाय फेकून दिलेल्या जाळ्यांचे तुकडे आहेतच. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्याला लागणाऱ्या कासवांत पायाला जाळं आवळलेली पुष्कळ असतात. डहाणूला त्यांच्यासाठी उपचारकेंद्र चालतं, तिथे असे कापलेले पाय घेऊन कासवं येतात.

‘म्हणून,’ बाबा म्हणाले, ‘या घरात पिशवी नाही.’

ती खरंच नव्हती. पण साडीची पिशवी मोठी होती, तिच्यात खूप मावायचं, आणि हातात पन्नी नसली की मनावर ओझं राहत नाही. पूर्वी नात बाजारातून दोन टॉप आणायची, आता पाच आणू लागली. सूनबाईंनी ऑफिसला घालायला रेयॉनच्या कुर्त्या घेतल्या, इस्त्रीची कटकट नाही म्हणून. बाबांनी स्वतःसाठी घाम न धरणारे टी-शर्ट घेतले, सकाळी फिरायला जायला. सगळं सुती पिशवीतून आलं.

श्रावण लागला आणि घरातली मोरी तुंबली.

दिल्लीत तिला बाथरूम म्हणतात, आजीसाठी ती मोरीच. धुलाई यंत्राची नळी तिथे सोडलेली होती. आजीने जाळी उचलली तर खाली गुलाबी-निळ्या रंगाचा गिळगिळीत बोळा. तिने तो काढून टाकला. पुन्हा तुंबू नये म्हणून आजोबांचा जुना पंचा दुहेरी करून नळीच्या तोंडाला सुतळीने बांधला, आणि प्रत्येक धुण्यानंतर त्यात साचलेलं वाळवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागली. कोकणातल्या आजीच्या हातून काही फुकट जात नाही. करवंटीची पळी होते, रातांब्याच्या बियासुद्धा कुठेतरी कामाला येतात. पंधरा दिवसांत डबा भरला. फिकट जांभळा, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा ढीग.

‘याच्या वाती होतील,’ आजी म्हणाली.

श्रावणात तिला वाती पुष्कळ लागायच्या. तिने एक चिमूट घेतली, तळहातावर पाण्याचं बोट फिरवलं आणि वळायला घेतली. वात वळली जाईना. पीळ बसायचा आणि सुटायचा. चार-पाच कशाबशा झाल्या. देवापुढे ठेवण्याआधी एक पाहावी म्हणून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत जुनं निरांजन ठेवलं, तेलात वात भिजवली, काडी ओढली.

कापसाची वात शांत जळते, मागे मऊ राख राहते, बोटाने उडवली तर उडते. ही वात ज्योतीपासून मागे सरकली. आक्रसली, थेंब होऊन तेलात गळाली, काळा धूर आला, आणि नाकाला झोंबणारा गोडूस वास घरभर पसरला. नात धावत आली. आजीने फुंकर मारली. निरांजनात मुगाच्या दाण्याएवढी काळी गोळी उरली होती. आजीने ती चिमट्याने उचलून ओट्यावर आपटली. टक्क असा आवाज झाला.

‘अगो, हा कापूस नव्हे,’ ती म्हणाली. ‘ही तुमची पन्नीच आहे. नुसती पिंजलेली.’

संध्याकाळी बाबांसमोर दुसरी वात पेटवली गेली. त्यांनी आधी शंका काढली: यात सुती कपड्यांचेही तंतू असणारच. होतेच, आणि जो भाग राख झाला तो त्यांचाच होता. मग त्यांनी पंखा लावला. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

पुढची शोधाशोध नातीने केली. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१६ साली मोजलं गेलं होतं: सहा किलो ॲक्रिलिकचे कपडे एकदा यंत्रात फिरवले की सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. याच विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये अशा बारीक कणांना मायक्रोप्लास्टिक हे नाव रूढ केलं. ते वाचून नात एवढी हलली नाही. तिला हलवलं ते गंगेच्या आकड्याने. २०१९ साली नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेने समुद्रापासून हिमालयापर्यंत जागोजागी गंगेचं पाणी गाळून पाहिलं. जे बारीक कण मिळाले त्यांतले ९१ टक्के पिशव्यांचे तुकडे नव्हते, बाटल्यांचे नव्हते. ते तंतू होते, कपड्यांचे असावेत असे. सर्वांत जास्त रेयॉन, त्याखालोखाल ॲक्रिलिक. ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांचं पाणी धरून ही नदी रोज एक ते तीन अब्ज कण बंगालच्या उपसागरात सोडत असावी, असा त्यांचा अंदाज. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतो, तो पॉलिएस्टरसारखा अगदीच निर्दयी नाही. पण सूनबाईंच्या कुर्त्यांकडे त्या दिवसापासून घरात सगळे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले.

आणखी एक गोष्ट तिला सापडली, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांतच सर्वाधिक तंतू सोडतो. जुना झाला की त्याचं गळणं कमी होतं. सरोजिनीतला स्वस्त टॉप आयुष्यात धुतला जातोच मुळी तेवढ्या वेळा. गळण्याचे दिवस आपल्याकडे काढतो, मग फॅशन बदलते.

तंतू एवढा बारीक, त्याने कासवाचं काय बिघडणार, असं बाबांनी विचारलं. त्याने थेट कासव गुदमरत नाही, हे खरं. पण पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तो खातात, त्यांना तारली खाते, तारलीला सुरमई. कालवं आणि तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात, त्यांच्यात तो आपसूक साठतो. पोट भरल्यासारखं वाटतं आणि पोषण होत नाही. रिडले कासव खेकडे, शिंपले, कोळंबी, जेलीफिश सगळंच खातं, म्हणजे या सगळ्यांच्या पोटातलंही खातं. आजी मासे खात नव्हती. तरी कालवांचं ऐकून तिने तोंड वाकडं केलं. गुहागरात शेजारी कोण कोण कालवं खातात ते तिला पाठ होतं.

‘फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केलाय,’ बाबांनी मोबाइलमधून मान वर काढली, ‘नव्या धुलाई यंत्रांना हे तंतू अडवणारी गाळणी असावी म्हणून.’

‘आपल्याकडे पंचा आहे,’ आजी म्हणाली.

गणपतीतलं भाषण झालं. ते लांबलं नाही. पिशवीबद्दल बाबा थोडंच बोलले आणि श्रीखंडाचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. समोर बसलेल्यांत बऱ्याच जणांनी झुळझुळीत सिल्क वाटावेत असे कुर्ते घातले होते आणि ते सिल्कचे नव्हते. एका काकांनी विचारलं, ‘मग आम्ही काय नागडं फिरायचं का?’ हशा पिकला. काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पंच्यावर साचलेलं शेवटी कचऱ्यातच जाणार, आणि कचरा दिल्लीत कुठे जातो हे गाझीपूरचा डोंगर पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पुष्कळ तंतू गाळात अडकतात, पण शहराचं सगळं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. बाबांनी एवढंच सांगितलं, की त्यांच्या घरी आता यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत, गरम पाणी वापरत नाहीत, आणि अंगातला टी-शर्ट वास आल्याशिवाय धुवायला टाकत नाहीत. शेवटच्या वाक्यावर सूनबाईंनी डोक्याला हात लावला.

आजी दिवाळीनंतर गुहागरला परतली. पंचा दिल्लीतच राहिला. फाटला की घरात तसाच दुसरा बांधला जाऊ लागला.

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवी अंडी घालायला आली. तिच्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशात लावलेली. म्हणजे बहुधा बागेश्री गेली होती तीच वाट उलटी कापून, साडेतीन हजार किलोमीटर पार करून ही आली होती. तिने १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्लं समुद्रात गेली. आजीने फोनवर हे नातीला सांगितलं आणि वर म्हणाली, ‘म्हणजे बघ, तुमच्याकडलं पाणी पिऊन आमच्याकडे बाळंतपणाला आली.’ यावर हसायचं की नाही हे नातीला ठरवता आलं नाही. ती आता दहावीत होती.

मे महिन्यात ती मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी टॉप घ्यायला बाजारात गेली. पटरीवाला तोच होता. भाव वाढले होते, ‘दो सौ के दो’. त्याने ओळखलं. ‘माताजी कैसी हैं?’

तिने कासवीची गोष्ट सांगितली, निरांजनातल्या वातीची सांगितली, पंच्याचीही. तो मन लावून ऐकत होता आणि हात घड्या घालत होते. मग म्हणाला, ‘ठीक है, आप लोग मशीन में बाँध लेते हो. हमारे गाँव में औरतें गंगाजी में ही कपड़े धोती हैं. वही कपड़े, जो मैं यहाँ से ले जाता हूँ. वहाँ क्या बाँधें?’

याचं उत्तर नातीकडे नव्हतं. बाबांच्या मोबाइलमध्येही नसावं.

तिने दोन टॉप निवडून ठेवले होते. त्यातला एक ढिगावर परत ठेवला. ‘एक का कितना?’

‘दो सौ.’

‘और दो का?’

‘दो सौ. स्कीम ही दो की है, एक लो या दो लो.’

तिने दोनशे रुपये दिले आणि एक टॉप पिशवीत टाकला. पटरीवाल्याने दुसरा उचलून तिच्यापुढे धरला. ‘अरे, ले जाओ. इसके पैसे लग चुके हैं.’

‘उसे धोना पड़ेगा, भैया.’

तो खदखदून हसला, मान हलवली आणि टॉप परत टाकायला वळला. मागे उभ्या असलेल्या मुलीने तेवढ्यात तो त्याच्या हातातून घेतला होता, आणि ती विचारत होती, याच्यासोबत दुसरा कुठला मिळेल.